नलूबाईंचा कान

जानराव कापगते भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि सेक्टरमधलं क्वार्टर सोडून भिलाई-3 ला स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेले, त्या दिवशी टेम्पोत त्यांचा स्टिरिओ सगळ्यात शेवटी चढला आणि सगळ्यात आधी उतरला. अॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता. दोन्ही स्पीकर गोधड्यांत गुंडाळून ड्रायव्हरशेजारी ठेवले होते. नलूबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, मागे गाद्यांच्या ढिगावर बसून आल्या. त्यांची काही तक्रार नव्हती. साकोलीकडच्या गावाहून लग्न होऊन त्या भिलाईला आल्या, तेव्हाच त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं की या घरात सासूसासरे नाहीत, पण हा स्टिरिओ आहे, आणि त्याचा मान राखायचा.

जानरावांची नोकरी रेल मिलमधली. लालभडक रूळ करवतीवर यायचा आणि कापला जाताना असा किंचाळायचा की शेजारच्या माणसाचं बोलणं फक्त ओठांवरून कळावं. कानात घालायला बोळे मिळत. जानराव ते खिशात ठेवत. बोळे घातले की साथीदाराची हाक ऐकू येत नाही, आणि तिथे हाक ऐकू येणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. ड्यूटीवरून आले की अंघोळ, चहा, आणि मग खुर्ची. दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, थोडी मागे, अशी ती खुर्ची असे. तेवढ्या एकाच जागेवर बसलं की गाणारा माणूस समोर सतरंजी टाकून बसल्यासारखा वाटतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. नलूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून भाजी निवडत. तिथपर्यंत जेवढं गाणं पोचेल तेवढं त्यांचं.

नव्या घरात तारा जोडून झाल्या, पहिलं भजन लावलं आणि जानरावांचा चेहरा पडला.

"मजा नाई येऊन राहिली," ते म्हणाले. "आवाज पातळ झाला. ताकात पाणी टाकल्यावानी."

"घर नवं आहे. बसन हळूहळू," नलूबाई म्हणाल्या.

पण बसलं नाही. हॉलला गुळगुळीत टाइल्स होत्या, भिंती उघड्या होत्या. जानरावांनी सतरंजी अंथरली, पडदे लावले, अॅम्प्लिफायरवरचं बारीक आवाजाचं बटण फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं. तरी मन भरेना. शेवटी त्यांनी भाच्याला बोलावलं.

भाचा म्हणजे नरेश. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, चाळिशीला आलेला गडी. हथखोजला त्याची शेड होती आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या धुमाल पार्ट्यांच्या गाड्यांवर लागतात ते भलेमोठे स्पीकरचे डबे तो तिथे बनवायचा. त्यानं मामांचे स्पीकर वाकून पाहिले.

"मामा, यायचं तोंड लहान आहे. डग्ग्याची घुमक, ढोलकीची धूम यायच्याच्यानं निघत नाई. तुमी सबवूफर लावा. फक्त खालचा आवाज तो काढन, वरचं काम हे दोघं करतीन. मी बनवून देतो ना."

आठ-पंधरा दिवसांत काळा, चौकोनी, गुडघ्याएवढा डबा आला. नरेशनं तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवला, तारा जोडल्या आणि गाणं लावलं. स्वयंपाकघरातल्या रॅकवरची ताटं थरथर वाजायला लागली.

"देखा मामा? थाली हिली!" नरेश खूश.

शेजारची बाई कंपाउंडवरून डोकावली आणि छत्तीसगढीत विचारती झाली, "काकर घर बिहाव हे, काकी?" कोणाकडे लग्न आहे, म्हणून.

नरेश गेला आणि जानराव त्या डब्यामागे बसले ते बसलेच. त्याच्या पाठीला तीन गोष्टी होत्या. एक बटण आवाज लहानमोठा करायचं. दुसरं, कुठल्या स्वरापासून खालचं काम डब्यानं अंगावर घ्यायचं, ते ठरवायचं. आणि एक छोटा खटका, डब्यातला पडदा आधी पुढे ढकलला जाईल की मागे ओढला जाईल, ते बदलणारा. जानराव बटण फिरवत, धावत जाऊन खुर्चीत बसत, मान हलवत, पुन्हा उठत. डबा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई. हे बरेच दिवस चाललं. कधी सगळं गाणं बोदं, दबलेलं वाटे, कधी डबा आहे की नाही तेच कळत नसे.

एका सकाळी मेथी निवडता निवडता नलूबाई म्हणाल्या, "अजी, रागावणार नसान तर एक सांगू? तबला तुमच्या समोरून येऊन राहिला न् डग्गा देवघराजवळून. दोन माणसं बसले वाटते, एक इथी न् एक तिथी. न् तिथला थोडा उशिरा वाजवते."

जानराव वळून पाहत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आवाजाबद्दल ही बाई कधी एक शब्द बोलली नव्हती. खरं म्हणजे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"तुले कसं समजलं?"

"माह्ये बाबा दंडारीत वाजवत होते ना. मी समोर बसून त्यायचे हातच पाहत राहो."

झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगाव दंडार उभी राहते, रात्रभर नाचगाणं चालतं, हे जानरावांना ठाऊक होतं. सासरे वाजवायचे, हेही कधीतरी कानावरून गेलेलं. त्यांनी खुर्चीवरची धूळ पंच्यानं झटकली.

"इकडे ये. इथं बस बरं."

नलूबाई त्या खुर्चीच्या अगदी कडेला, पाहुण्यासारख्या टेकल्या. जानरावांनी दुसरं बटण थोडं खाली आणलं. डब्याकडे आता अगदी तळाचे आवाज राहिले.

"आता?"

"आता देवघराजवळचा माणूस गेला. पण पोकळ वाटते. मधातून कोणी खाऊन टाकल्यावानी."

जानरावांनी जरा विचार केला आणि खटका दाबला. झालं असं होतं की स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा डब्याचा मागे जायचा. दोघं जिथे भेटत तिथे एकमेकांना पुसून टाकत. खटका पडला तशा नलूबाई ताठ बसल्या.

"हां! हे. आता एकाच माणसाचे दोन हात आहेत."

जानराव लहान मुलासारखे हसले. "आनखी? आनखी काय वाटते, सांग."

कोणी आपल्याला एवढ्या आवडीनं विचारतंय, याच्या भरात नलूबाई बोलून गेल्या, "बाकी मस्त आहे. फक्त ते टाळ कमी करा. कानात टोचून राहिले."

"कोणते टाळ?" जानरावांनी विचारलं.

नलूबाईंना आधी वाटलं, थट्टा करताहेत. भजन सुरू झाल्यापासून टाळ वाजत होते. मग त्यांचं लक्ष शेवटपर्यंत फिरलेल्या त्या बटणाकडे गेलं आणि त्यांना जीभ चावावीशी वाटली.

कारण त्यांना हे माहीत होतं. फार दिवसांपासून माहीत होतं. कुकरच्या शिट्ट्या जानरावांना ऐकू येत नाहीत. बेल वाजली की नलूबाईच सहज म्हणाल्यासारख्या म्हणत, "कोणी आलं वाटते." फोनची रिंग त्यांनी मुद्दाम भसाड्या आवाजाची लावून घेतली होती. लग्नकार्यात त्या नवऱ्याच्या शेजारी बसत आणि समोरचा काय बोलला ते बोलण्याच्या ओघात पुन्हा म्हणून दाखवत. हे सगळं इतक्या हलक्या हातानं चालायचं की ज्याच्यासाठी चालायचं त्यालाही पत्ता नव्हता.

"टाळ वाजून राहिले?" जानरावांनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात.

"हाव. थोडेसे."

"सुरूपासून?"

नलूबाईंनी मान डोलावली.

"तुले माहीत होतं. माह्या कानाचं."

"हाव."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"काय सांगू? तुमी मजेनं आयकून राहिले होते ना."

जानरावांनी उठून स्टिरिओ बंद केला. कपाटातली जुनी चादर काढली, अॅम्प्लिफायर, स्पीकर, डबा, सगळ्यावर पांघरली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते जेवायचे, पेपर वाचायचे, संध्याकाळी पॉवर हाऊसच्या बाजारापर्यंत चक्कर मारून यायचे. पण बोलणं आटलं. बेल वाजली की आता ते नलूबाईंच्या तोंडाकडे पाहायचे, आणि नलूबाईंना काय करावं ते सुचेनासं व्हायचं. सांगितलं तरी टोचणार, नाही सांगितलं तरी टोचणार.

रायपूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी गीतांजली रविवारी आली. चादर पाहून तिनं आईला खुणेनं विचारलं आणि आईकडून सगळं काढून घेतलं. मग वडिलांजवळ जाऊन बसली.

"बाबा, एक बार चेक तो करवा लो ना. डोळ्याले चष्मा लावला तेव्हा काही वाटलं नाई, मग कानाचं काय एवढं?"

"चष्म्यानं माणूस शिकला-सवरला दिसते. कानात मशीन टाकली का म्हातारा दिसते."

"तो फिर म्हातारे दिसा. कोण पाहून राहिलं इथं? आई?"

दुसऱ्या दिवशी जानराव दुर्गला गेले. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा, असं झालं. नंतर तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर उमटलेली रेघ दाखवली. सुरुवातीला ती सरळ जात होती आणि मग घाटावरून उतरल्यासारखी खाली आली होती.

"अंकल, नीचे के सुर आपके एकदम बढ़िया हैं, जवान लड़के जैसे. ऊपर के चले गए हैं. मशीन से फायदा होगा."

"सोचके बताता हूं," जानराव म्हणाले आणि घरी आले. चादर तशीच राहिली.

ती चादर शेवटी नलूबाईंनी काढली. एका दुपारी जानराव आत आडवे झाले होते. नलूबाईंनी चादरीची घडी घातली, स्टिरिओपुढे उभ्या राहिल्या आणि आजवर ज्याला फक्त फडकं लावलं होतं त्याचं बटण दाबलं. आवाज कुठल्या बाजूला कमी होतो हे ठाऊक नसल्यानं दुसरं बटण भलतीकडेच फिरवलं. अख्खं घर दणाणलं. जानराव पंचा सावरत धावत आले.

"अवो, काय करून राहिली! उडन ना ते!"

"उडू द्या. झाकून ठेवलेलं काय कामाचं?" नलूबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "डॉक्टरीण काय म्हणाली? खालचं तुमचं जवान पोरावानी आहे. मंग खालचं तुमी पाहा, वरचं मी पाहीन. शिकवा मले, हे कमी कुठून होते?"

 जानरावांनी पुढे येऊन नलूबाईंचा हात धरला, त्यांची बोटं बटणावर ठेवली आणि डावीकडे फिरवली.

त्या दिवसापासून काम वाटलं गेलं. नलूबाईंनी बारीक आवाजाचं बटण मागे आणत आणत जवळजवळ मध्यावर ठेवलं. जानरावांना त्यानं काही फरक पडला नाही, पण त्यांनी नलूबाईंचा शब्द मानला. खालचं मात्र ते स्वतः ऐकत. असंच एकदा नलूबाईंना खुर्चीत बसवून ते पाणी प्यायला उठले आणि परत येताना स्वयंपाकघराच्या दारात, पाटाजवळ, थबकले.

गाणं चालू होतं. गाणारा गात होता. पण त्याच्याखालचा डग्गा नव्हता. एक पाऊल पुढे टाकलं की येई, मागे आलं की नाहीसा होई. जानराव दोनतीनदा पुढेमागे झाले.

"अवो, इथं तर डग्गाच नाई."

"नसते तिथं. क्वार्टरमधेही थोडासाच ये."

"मंग तू इतके वर्षं काय आयकत होती?"

"मले वाटे गाणं तसंच असते," नलूबाई म्हणाल्या.

जानराव दाराला टेकून ते गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग त्यांनी नरेशला फोन लावला. आणखी एक डबा पाहिजे.

"मामा! एकानंच मोहल्ला हलून राहिला ना!"

"हलवायचं नाई रे. सारखं करायचं आहे."

नरेशला मुद्दा कळायला वेळ लागला नाही. बारीक आवाज उजेडासारखा सरळ जातो, पण खालचा आवाज खोलीत पाण्यासारखा हिंदकळतो. भिंतीवर आपटून परत येतो, कुठे त्याचा ढीग होतो आणि कुठे खड्डा पडतो. एका डब्यानं केलेला खड्डा दुसऱ्या जागी ठेवलेला डबा भरून काढू शकतो. फक्त ती जागा सापडली पाहिजे. त्यासाठी नरेशनं एक गमतीदार युक्ती सांगितली. दुसरा डबा खुर्चीत, माणसाच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे कानाला खालचा आवाज नितळ लागेल, तिथे डबा ठेवला की तोच आवाज खुर्चीत मिळतो.

नवा डबा आला. तो नलूबाईंच्या जुन्या जागी, पाटाजवळ ठेवायचा नाही, असं जानरावांनीच ठरवलं होतं. त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली, आपल्या खुर्चीशेजारी मांडली आणि डबा तिच्यावर चढवला. मग लुंगी खोचून ते टाइल्सवर गुडघे टेकून निघाले. मान खाली, कान भिंतीकडे. नलूबाई गुडघ्याखाली सरकवायला उशी घेऊन मागे मागे.

"इथं?"

"मले काय विचारता? खालचं तुमचं आहे."

"इथं बोदं आहे. थांब. इथं... नाई." जानराव खिडकीखाली पोचले आणि थांबले. डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. "इथं ये. इथं आयक."

नलूबाई पण टेकल्या. दोघं खिडकीखाली डोक्याला डोकं लावून रांगत्या बाळांसारखी ऐकत होती, तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन दही मागायला आली. तिनं ते पाहिलं आणि वाटी उंबऱ्यावरच ठेवून परत गेली. नलूबाईंना इतकं हसू आलं की त्यांना उठून बसता येईना, आणि त्या हसताहेत म्हणून जानरावांनाही.

डबा खिडकीखाली गेला. आता खुर्च्या दोन होत्या, त्यामुळे बरोबर मधोमध कुणीच बसत नव्हतं. जानरावांनी दोन्ही स्पीकर जरा आत वळवून घेतले. पुढचे काही दिवस ते दोन्ही डब्यांचा आवाज उतरवत गेले. थोडा, आणखी थोडा. नलूबाई शेजारी बसून टाळ, झांज, गाणाऱ्याचा श्वास कुठे आहे ते सांगत, आणि जानराव तळ सांभाळत.

नरेश बघायला आला तेव्हा गाणं चालूच होतं. त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग उठून डब्यावर तळहात ठेवला.

"मामा, चालू आहे का हे?"

जानरावांनी दोन्ही डब्यांचे स्विच बंद केले. गाणं जणू जमिनीवरून उचललं गेलं आणि अधांतरी लटकलं. पुन्हा चालू केले तसं ते खाली टेकलं. नरेश सतरंजीवर बसला आणि पुढची तीन गाणी बसूनच राहिला.

कानाची मशीन जानरावांनी आपणहून घेतली. "सगळं तूच आयकत राहशीन का?" एवढंच कारण दिलं. पहिल्या दिवशी मात्र ते वैतागून गेले. चपला वाजत होत्या, पेपर वाजत होता, नलूबाईंच्या बांगड्या, नळ, पिशवी, सगळं वाजत होतं. "किती कचकच आहे या घरात!" असं म्हणून त्यांनी ती डबीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. हळूहळू सवय झाली. बेल वाजली की ते आता नलूबाईंच्या आधी उठतात, कधीकधी न वाजताही उठतात.

एक भानगड मात्र झाली. दोन खुर्च्या झाल्यावर गाणं कोणाच्या आवडीचं, हा प्रश्न आला. जानरावांचा जो लाडका गायक, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याबद्दल नलूबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "मले तर हा कधीच आवडला नाई. नाकात गाते." जानराव दिवसभर सुन्न होते. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, मग तुला काय आवडतं? नलूबाईंना शहनाई आवडत होती. आता एक दिवस गाणं असतं, एक दिवस शहनाई.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी शहनाई लागलेली असताना लाइट गेली. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, उठून कुठे जाण्यासारखं नव्हतं. दोघं खुर्च्यांत तशीच बसली. जानरावांनी विचारलं, "तुह्ये बाबा कसे वाजवत होते?"

नलूबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. मांडीवर आडवा घेतला, डाव्या हाताचा तळवा त्यावर घासला आणि बोटं पडली. धीम्या चालीचा ठेका, पण एकही ठोका जागेवरून हलत नव्हता.

"तुले कोणी शिकवलं?"

"कोणी नाई. पोरीले कोण शिकवते? घरी कोणी नसलं का मी वाजवत राहो. बाबाले माहीत नवतं." त्या हसल्या. "उजवा हात विसरला आता. डावाच राहिला."

"वाजव."

त्या वाजवत राहिल्या. थोड्या वेळानं लाइट आली आणि डोक्यावरचा पंखा घरघरत सुरू झाला. जानराव उठले, पंखा बंद केला आणि घाम पुसत पुन्हा येऊन बसले.

"हां," ते म्हणाले. "आता वाजव."